तेन्मोळीला मैदानाबाहेर घेतलं तेव्हा

मुली मैदानावर असताना मी कधी कॉफी घेतली नाही. सुरुवातीच्या वर्षांत कोणीतरी पेला आणून द्यायचं आणि पहिल्याच टक्करीला तो माझ्या साडीवर सांडायचा. पुढे सगळ्यांना कळलं, की मॅच चालू असताना मिसना काही द्यायचं नाही. मी पंच्याऐंशी किलोच्या बाईसारखी ठाम उभी राहायचे, आवाजही तसाच लावायचे, पण हात पाठीमागे बांधलेले असायचे. ते मुलींना दिसू नयेत म्हणून.

आमचं घर तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. घरात मराठी, गल्लीत निम्मी मराठी, आणि गल्लीचं तोंड ओलांडलं की तमिळ. वडिलांनी हट्टाने देवनागरी शिकवली म्हणून हे लिहू शकते. माझ्या भाचरांना आमची मराठी समजते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. मुलींच्या क्रीडा वसतिगृहात मी फुटबॉल शिकवायचे. खरं तर मी हॉकी खेळलेली. फुटबॉलची जागा रिकामी होती आणि कोणाला नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. रुजू करून घेणारे साहेब म्हणाले होते, चेंडू मोठा आहे, तुम्हाला सोपं जाईल. मी त्या मोठ्या चेंडूमागे उभी नोकरी काढली, आणि माझ्या हाताखालच्या मुली राज्याच्या संघापर्यंत गेल्या. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

लोक विचारतात, इतक्या हुशार मुली असतात, मग पुढे त्यांचं होतं काय? आमच्या धंद्यातला हा सगळ्यांत अवघड प्रश्न. बारा-तेरा वर्षांची मुलगी मैदानात उतरते आणि बाकीच्या तिच्यापुढे उभ्या राहू शकत नाहीत. पुष्कळदा कारण साधं असतं. ती इतरांआधी वाढलेली असते. आमच्याकडे कल्याणी म्हणून एक होती, बरोबरीच्या मुलींपेक्षा हातभर उंच. चेंडू पुढे ढकलायचा आणि पळायचं, एवढ्यावर ती गोल करायची. मान वर करून पाहणं, चेंडू पायाशी लपवणं यातलं तिला काही शिकावंच लागलं नाही, आणि मी शिकवायला गेले की ती गोल करून दाखवायची. दोन-तीन वर्षांत बाकीच्या वाढल्या आणि कल्याणी होती तिथेच राहिली. आता ती पोलिसात आहे. जुन्या बसस्टँडपाशी शिट्टी वाजवून माझी स्कूटी अडवते आणि हेल्मेटचा पट्टा नीट लावायला लावते. तिचं वाईट झालं नाही. असं थांबणं मी पुष्कळ पाहिलं होतं, आणि मला वाटायचं, थांबणं म्हणजे इतकंच.

तेन्मोळीच्या वेळी मला कळलं की मुलगी दुसऱ्या तऱ्हेनेही थांबू शकते.

तेन्मोळी पापनाशमची. आई सेल्वी तिथल्या बसथांब्याजवळ इडली-पोंगलची गाडी चालवते. वडील भातकापणीचं यंत्र घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरतात, घरी क्वचित. ही मुलगी उंच नव्हती, दांडगी नव्हती. तिच्या पायात काहीतरी होतं, जे कोच शिकवू शकत नाही. चार जणी अंगावर आल्या की ती क्षणभर थांबायची, जणू त्यांना वाट विचारतेय, आणि मग नेमकी त्यांच्यामधून निघून जायची. मी तिला मान वर ठेवायला शिकवलं, एवढंच माझं. सोळाव्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या क्लबने तिला त्यांच्या अकादमीत नेलं. करार झाला त्या दिवशी सेल्वीने थांब्यावरच्या सगळ्या बस-कंडक्टरांना फुकट पोंगल खिलवलं.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती सुट्टीला आली. क्लबने सांगितलं होतं, घरी जा, तुमच्या जुन्या कोचबरोबर सराव करा, तंजावूरच्या स्पर्धेत खेळा. आमचा माणूस येऊन बघेल आणि करार वाढवायचा की नाही ते ठरवेल.

पहिल्या दिवशी ती मैदानावर आली आणि वसतिगृहातल्या मुली खेळायच्या थांबल्या. गालाची हाडं वर आलेली, दंडाच्या शिरा दिसत होत्या. वेळेच्या आधी हजर. एक तास आधी येऊन अंग सैल करायची, सगळ्यांनंतर जायची. वसतिगृहाच्या जेवणाला हात लावायची नाही. स्वतःचा डबा, त्यात उकडलेलं काहीतरी. आमच्या वॉर्डनबाई मुलींना म्हणाल्या, बघा, याला म्हणतात व्यावसायिक खेळाडू. मुलींनी लगेच भात कमी केला. ते बघून मी तेन्मोळीकडे गेले.

मी तिचा हात धरला. तंजावूरचा मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, आणि तिची बोटं थंड होती. हातावर बारीक लव आली होती, पूर्वी नसलेली. मी विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली की आयुष्यात इतकी बरी कधी नव्हते. अकादमीत दर आठवड्याला प्रत्येकीच्या अंगातली चरबी मोजून भिंतीवर लावायचे, तिचं नाव नेहमी वर असायचं, आणि बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. कमी खा असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त पहिलं यायचं होतं, जसं तिला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत यायचं असे.

पण खेळ? चेंडू आला की ती पाठीमागे पास द्यायची. पुन्हा पाठीमागे. चुकत एकही नव्हता. ते वाट विचारल्यासारखं थांबणं कुठेच नव्हतं. मी म्हटलं, पुढे जा की, समोर एकच आहे. ती म्हणाली की तिकडे चेंडू गमावला की लिहून ठेवतात, म्हणून गमवायचा नाही. मला वाटलं, भीती बसलीय, निघेल. भीतीशी माझी जुनी ओळख होती.

मग एका संध्याकाळी मी तिला पापनाशमच्या बसमध्ये चढताना पाहिलं. डावा पाय पायरीवर ठेवला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि उजवा पाय सामान ओढावं तसा वर ओढून घेतला. बस गेली. मी थांब्यावर उभीच राहिले. म्हाताऱ्या माणसांना मी तसं चढताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खेळ म्हणून सगळ्यांना एका पायावर उड्या मारायला लावल्या. तेन्मोळीने डाव्या पायावर मारल्या, छान मारल्या. पाय बदला म्हटल्यावर ती खाली बसून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की मला सगळ्यांसमोर पुढे विचारता आलं नाही.

मी तिला घेऊन एक्स-रे काढून आणला. स्वच्छ. हाड शाबूत, काही नाही, स्नायू ताणला असेल, असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी पाठवलं. तेन्मोळी परतताना ऑटोत गाणं गुणगुणत होती. वॉर्डनबाई म्हणाल्या, मिसना चिंचेच्या झाडाखाली बसवलं तर भुतंच दिसतील. सगळे हसले. मीही हसले. मला मनापासून वाटत होतं की त्या म्हणतात ते खरं असावं.

तरी झोप लागेना. मी सेल्वीच्या गाडीवर गेले. गिऱ्हाइकाच्या पानावर इडल्या वाढता वाढता ती म्हणाली की पोरगी परीक्षेला बसल्यासारखी जेवते, घास मोजते, माझ्या हातचं खात नाही. पण मोठ्या ठिकाणची शिस्त आहे, मला काय कळतं त्यातलं? आणि मग हळूच म्हणाली, “मिस, ती आंघोळ करून आली की न्हाणीत मूठभर केस असतात. मी ते तिला न दिसेलसे काढून टाकते.” तिचीही झोप गेलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

स्पर्धेचा दिवस आला. मी तेन्मोळीला बाजूला घेऊन म्हटलं, खेळू नकोस. तिने एक्स-रेची आठवण करून दिली. आवाज चढवला नाही. म्हणाली की क्लबचा माणूस आज आलाय, उद्या जाणार, आणि माझ्या जागेसाठी तिकडे रांग लागलीय. मला कारण हवं होतं आणि माझ्याकडे कारण नव्हतं. होती ती नुसती धास्ती. मी तिला संघात घेतलं.

क्लबचा माणूस सावलीत, पायऱ्यांवर वरच्या बाजूला बसला होता. तरुण, सभ्य, गॉगल लावलेला. मॅच सुरू झाली. मी चेंडूकडे बघतच नव्हते. माझी नजर एका मुलीच्या उजव्या मांडीवर खिळलेली होती. ती पळत होती, पास देत होती, सगळं नीट चाललं होतं. मग उजव्या बाजूला तिला चेंडू मिळाला, समोर कोणी नाही, गोलपर्यंत मोकळं रान. चौदा वर्षांची तेन्मोळी तिथून घरी निघाल्यासारखी निघाली असती. ही थांबली आणि पाठीमागे पास दिला. लोक हळहळले. खेळ दुसरीकडे गेला, सगळ्यांची तोंडं तिकडे वळली, आणि आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटून तेन्मोळीने मूठ वळली आणि जांघेत दाबून धरली. ओठ आत ओढून घेतले होते. तिला कोणी धक्कासुद्धा लावलेला नव्हता.

मी बदली खेळाडूला उठवलं.

पंचाने खेळ थांबवला. तेन्मोळीला आधी कळेना की तिलाच बोलावताहेत. मग तिने पायऱ्यांकडे पाहिलं, त्या माणसाकडे, आणि नंतर माझ्याकडे. मैदानावरून येताना ती लंगडू नये म्हणून किती जपून चालत होती, ते मला दिसत होतं. बाकीच्यांना ती रुबाबात चालतेय असं वाटलं असेल. कोणीतरी माझ्या नावाने ओरडलं, म्हाताऱ्या झालात, घरी जा. ती माझ्यापाशी आली, पाण्याची बाटली घेतली नाही.

“तुम्ही मला संपवलंत, मिस,” ती म्हणाली. ओरडून नाही, बातमी सांगावी तसं.

मध्यंतराला बघितलं तर पायऱ्यांवरची ती जागा रिकामी होती.

आमच्या गल्लीतला रामू हाडांचा डॉक्टर आहे. माझ्या धाकट्या भावाबरोबर वाढला, मला अक्का म्हणतो. मी सेल्वीला हात जोडले, तिला एकदा याच्याकडे आण. तेन्मोळी आली, ती माझी चूक सिद्ध करायला. रामूने एमआरआय करायला लावला. साध्या एक्स-रेत न दिसणारी चीर त्यात दिसते, असं त्याने मायलेकींना तमिळमध्ये समजावलं. फिल्म आली तेव्हा आम्ही तिघी त्याच्या खोलीत बसलो होतो. त्याने ती उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली. मग वळून माझ्याशी आमच्या मराठीत बोलू लागला. त्या दोघींना कळू नये म्हणून.

“अक्का, घाबरू नोको, पण ऐक,” तो म्हणाला. मांडीचं हाड खुब्याला जुळतं तिथे त्याची मान असते. तिथे चीर गेली होती, अर्ध्याच्या जवळ. आणखी थोडी पळाली असती तर हाड सुटं झालं असतं, आणि मग नुसता फुटबॉल गेला नसता. या वयाच्या मुलीचं हाड असं उपाशी का, असं तो विचारत होता. तिची पाळी येते का, ते तू विचार, मी पुरुष, मला ती सांगणार नाही.

मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. सेल्वी आमच्या तोंडांकडे बघत होती. तेन्मोळी खाली बघत होती. मग ती तमिळमध्ये म्हणाली, “मोडणार होतं म्हणाले ना?”

इतकी वर्षं मैदानाच्या कडेला मी स्वतःशी मराठीत पुटपुटत आले होते. तेन्मोळी ते सगळं उचलत आली होती. तिने रामूच्या प्रश्नाचं उत्तरही मीच विचारल्यासारखं मला दिलं. पाळी येत नाही. अकादमीतल्या पहिल्या दिवाळीनंतर आली नाही. आणि वर सांगितलं की तिकडे पुष्कळजणींची येत नाही, मुली एकमेकींना म्हणतात की पाळी थांबली म्हणजे मेहनत बरोबर चाललीय.

हे ती थोडं अभिमानाने म्हणाली. नोकरीत मी रक्त पाहिलं, निखळलेले खांदे पाहिले, वीज पडून मैदान रिकामं होताना पाहिलं. त्या वाक्यासारखी भीती मला कशाचीच वाटली नाही. सेल्वीने पदर तोंडात धरला. रामूने मग सगळं पुन्हा तमिळमध्ये, सरळ तिलाच सांगितलं: अंगाला पुरेसं मिळालं नाही की अंग आधी पाळी बंद करतं, मग हाडं बांधणं बंद करतं. तू अकादमीत वाढत होतीस असं तुला वाटत होतं, तुझं अंग तेव्हापासून थांबलेलं आहे.

कुबड्या आल्या. उजवा पाय टेकायचा नाही. क्लबकडून एक सभ्य फोन आला, तिला शुभेच्छा आणि करार संपल्याचं कळवणारा. त्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला जुन्या मुली आल्या, कल्याणी खाकी गणवेशात आली. तेन्मोळी आली नाही.

मी मात्र पापनाशमला जात राहिले. ती माझ्याशी बोलायची नाही, पण मला घालवूनही द्यायची नाही. हाडापेक्षा जेवण अवघड निघालं. रामूने तिला आणखी एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं होतं, मनाच्या आणि जेवणाच्या दुखण्यासाठी. त्यांनी सांगितलं की बळजबरी करायची नाही, सोबत बसायचं. म्हणून मी सोबत बसायचे. सेल्वी पान वाढायची. चौघींच्या मधून चेंडू नेणारी ती मुलगी एका इडलीसमोर थरथरत होती. घास तोंडापर्यंत जायचा आणि डोळे भरायचे. मी इकडचं तिकडचं बोलत राहायचे, कावेरीला पाणी सोडलं, भाताची रोपं लागली, असलं काहीही. परतीच्या बसमध्ये मला वाटायचं, हिचं हाड सांधेल, पण ही परत येणार नाही. आणि कधी त्याहून वाईट वाटायचं. मी काढलं नसतं, ती तशीच खेळली असती, आणि नशिबाने हाड टिकलं असतं तर? डॉक्टर शक्यता सांगतात. त्या पायऱ्यांवरून उठून गेलेला माणूस मात्र खरा होता.

एका सकाळी मी अंगणात कोलम काढत होते तर गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. सेल्वी उतरली, मागून तेन्मोळी, कुबड्यांशिवाय. सेल्वीच्या हातात स्टीलचा डबा. आमच्याकडे मुलगी शहाणी झाली, म्हणजे तिला पहिली पाळी आली, की उडदाच्या पिठाची, ताडगुळाची, तिळाच्या तेलाची कळी, म्हणजे घट्ट गोड लापशी, करून खायला घालतात. कंबरेच्या हाडांना बळ येतं म्हणतात. डबा उघडला तर ती काळी, तेलकट, गरम कळी.

तेन्मोळीच लाजत, चिडत म्हणाली की आई वेडी झालीय, काल पाळी आली तर हिने पहाटे उठून उडीद भाजायला घेतले, जणू मी अकरा वर्षांची आहे. माझ्या हातांना रांगोळी होती. मी तशीच पायरीवर बसले, आणि तिघींनी त्याच डब्यातून कळी खाल्ली. तेन्मोळीने एकदा बोटं चाटली. मी दुसरीकडे बघितलं, तिला बघतेय असं वाटू नये म्हणून.

त्यानंतर ती बोलू लागली. मॅचबद्दल आम्ही कधी बोललो नाही, तिने आभार मानले नाहीत, मीही ती अपेक्षा ठेवली नाही. ती आता तंजावूरच्याच एका कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या संघातून खेळते. मोठ्या क्लबांची माणसं त्या मॅच बघायला येत नाहीत. पायातलं ते जुनं काहीतरी परत आलं का? थोडं. एखाद्या वेळी ती थांबते, वाट विचारल्यासारखी, आणि कधी जाते, कधी चेंडू गमावते.

मी तिच्या मॅचना जाते. पायऱ्यांवर अगदी खालच्या बाजूला बसते. अलीकडच्या एका मॅचमध्ये ती उडी मारून खाली आली आणि उजव्या पायावर पडली. उठली. दोन पावलं टाकली. तिच्या चेहऱ्यावर ते आत ओढलेले ओठ मला इतक्या लांबून दिसले आणि मी उठून उभी राहिले. आता ती माझी खेळाडू नव्हती, मला कोणाला उठवता येत नव्हतं. गोल बरोबरीत होते. तिचे कोच दुसरीकडे बघत होते, सगळेच दुसरीकडे बघत होते.

तेन्मोळीने हात वर केला. पंचाने खेळ थांबवेपर्यंत वर धरून ठेवला. मग कोचकडे वळून, आपल्याला बाहेर घ्या अशी खूण केली, आणि लंगडत, कोणापासूनही न लपवता लंगडत, कडेला येऊन बसली. कोच वाकून काही विचारत होते. ती पोटरीवर बोट ठेवून त्यांना दाखवत होती, इथे, आणि थोडं इथे.